व्यायाम आणि प्रथिने : केव्हा घ्यावीत, किती घ्यावीत?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोरा, आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाच वाजता जाऊन पाहावे. पोलीस भरतीची आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. काही जण संध्याकाळी व्यायामशाळेतही जातात. हा लेख या मुला-मुलींसाठी आहे आणि त्यांच्या खर्चाचा भार उचलणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे.

गेल्या हिवाळ्यात असाच एक विद्यार्थी भेटला. वडील सोंगणीच्या दिवसांत मजुरीला जातात, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्रोटीनची पावडर घेतली नाही तर केलेला सगळा व्यायाम वाया जातो, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. वडिलांनी उसनवारी करून एक डबा आणून दिला. तो महिनाभर पुरला. दुसरा डबा घेणे शक्य नव्हते, म्हणून मुलाने धावणेच बंद केले. "आता धावून काय फायदा?" हे त्याचे उत्तर होते.

डब्याचे पैसे गेले ही लहान हानी. भरती तोंडावर असताना सराव थांबला ही मोठी हानी, आणि ती एका चुकीच्या समजुतीने झाली. म्हणून प्रथिने केव्हा घ्यावीत, या प्रश्नाचा येथे नीट विचार करू.

१. प्रथिने म्हणजे काय?

आपल्या अन्नात पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने हे तीन मुख्य घटक असतात. धावण्यासाठी लागणारी शक्ती प्रामुख्याने पिष्टमय व स्निग्ध पदार्थांतून मिळते. प्रथिनांचे मुख्य काम शरीराची बांधणी आणि दुरुस्ती करणे हे आहे. स्नायू, त्वचा, केस, रक्तातील हिमोग्लोबिन, पाचकरस ही सर्व प्रथिनांचीच रूपे आहेत.

प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते. आपण खाल्लेले वरण असो, अंडे असो की डब्यातील पावडर असो, पोटात आणि आतड्यात तिचे तुकडे होतात आणि अमिनो आम्ले रक्तात मिसळतात. ती तुरीतून आली की डब्यातून आली, याची नोंद स्नायू ठेवत नाही. वीस अमिनो आम्लांपैकी नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच घ्यावी लागतात. ज्वारी-गव्हात लायसीन हे आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनीन कमी असते. भाकर आणि वरण एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजी-पणजीने हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते, पण ताटात मांडले होते.

२. व्यायामाने शरीरात काय घडते?

स्नायूंची झीज आणि भर ही दोन्ही कामे शरीरात रात्रंदिवस चालू असतात. दंड-बैठका काढल्या, वजन उचलले किंवा जोरात धावलो की दोन्हींचा वेग वाढतो. व्यायामानंतर काही खाल्लेच नाही तर झीज भरीपेक्षा जास्त राहते. प्रथिनयुक्त अन्न खाल्ले की भर झिजेपेक्षा जास्त होते. हा क्रम आठवड्यांमागून आठवडे चालला की स्नायू बळकट होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. जोराच्या व्यायामाने स्नायूंत सुरू झालेले हे बांधकाम अर्ध्या तासात संपत नाही. ते चोवीस तास, नवशिक्यांमध्ये तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत चालू राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. घराचे बांधकाम दोन दिवस चालणार असेल, तर विटांची गाडी पहिल्या अर्ध्या तासात आली नाही म्हणून घर पडत नाही. दोन दिवसांत पुरेशा विटा मात्र आल्या पाहिजेत.

३. 'अर्ध्या तासा'ची समजूत कोठून आली?

ही समजूत अगदीच निराधार नव्हती. २००१ साली डेन्मार्कमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ७४ वर्षे वयाच्या १३ पुरुषांना बारा आठवडे व्यायाम दिला गेला. काहींना व्यायाम संपताच दहा ग्रॅम प्रथिने असलेला पूरक आहार दिला, काहींना तोच दोन तासांनी दिला. लगेच घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, उशिरा घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. यावरून व्यायामानंतर एक 'खिडकी' उघडते आणि ती लवकर बंद होते, अशी कल्पना रूढ झाली. पावडर विकणाऱ्यांना ही कल्पना फार सोयीची होती.

परंतु १३ वृद्ध माणसांवरील निष्कर्ष वीस वर्षांच्या तरुणाला जसाच्या तसा लावता येत नाही. पुढे अनेक देशांत प्रयोग झाले. २०१३ साली शोनफेल्ड, अरागॉन व क्रीगर या संशोधकांनी वीसहून अधिक प्रयोग एकत्र तपासले. वेळ साधणाऱ्या गटांना प्रथम फायदा दिसला. पण त्या गटांनी दिवसभरात एकूण प्रथिनेच जास्त घेतली होती. हा फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. २०१७ साली शोनफेल्ड यांच्या आणखी एका प्रयोगात सराव असलेल्या २१ पुरुषांपैकी काहींनी व्यायामाच्या आधी व काहींनी नंतर २५ ग्रॅम प्रथिने घेतली. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही.

एका वेळी वीस ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने शरीर वापरूच शकत नाही, असेही सांगितले जाते. २००९ च्या एका लहान प्रयोगात वीस ग्रॅमनंतर स्नायूंच्या बांधणीत फारशी वाढ दिसली नव्हती, हे खरे. पण तेथे व्यायामानंतरचे थोडेच तास मोजले होते. २०२३ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या प्रयोगात एका वेळी १०० ग्रॅम प्रथिने दिली, तेव्हा ती वाया न जाता बारा तासांहून अधिक काळ हळूहळू वापरली गेली. याचा अर्थ १०० ग्रॅम एकदम खावीत असा नाही. शरीर घड्याळ लावून दार बंद करीत नाही, एवढाच याचा अर्थ.

४. मग नेमके केव्हा घ्यावीत?

वेळेला काहीच महत्त्व नाही असे मात्र समजू नये. नियम साधा आहे : व्यायामाच्या आधीचे आणि नंतरचे जेवण यांत फार मोठे अंतर पडू देऊ नये. चार तासांपर्यंतचे अंतर चांगले. आधीचे जेवण भरपेट असेल तर पाच-सहा तासही चालतात. आता आपापला प्रसंग पाहावा.

(अ) पहाटे उपाशीपोटी धावणारे : रात्री आठला जेवलेला मुलगा पहाटे पाचला धावायला निघतो, तेव्हा नऊ तास उलटलेले असतात. नंतर तो दहापर्यंत नुसत्या चहावर राहिला तर चौदा तासांचे अंतर पडते. वेळेचे खरे महत्त्व येथे आहे. अशांनी धावून आल्यावर तास-दीड तासात प्रथिनयुक्त न्याहारी करावी. निघताना एखादे केळे किंवा दोन-तीन खजूर खाल्ले तर उत्तम.

(आ) संध्याकाळी व्यायाम करणारे : दुपारी एकला जेवून पाचला व्यायाम केला आणि रात्री आठला जेवले, तर मध्ये मूठभर फुटाणे-शेंगदाणे खावेत. ते व्यायामाआधी तासभर खाल्ले काय आणि नंतर खाल्ले काय, सारखेच.

(इ) जेवणानंतर दोन-तीन तासांत व्यायाम करणारे : यांनी पुढचे जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे. वेगळे काही करण्याची गरज नाही.

(ई) दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबणारे : यांचा व्यायाम कामातच होतो. दुपारच्या शिदोरीत भाकरीबरोबर नुसता ठेचा नसावा. झुणका, उसळ किंवा घट्ट वरण असावे.

आपल्या तालमींची जुनी चाल आठवून पाहा. मेहनत झाली की पहिलवान दूध, बदामाची थंडाई असा खुराक घेतात. कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची परंपरा प्रसिद्धच आहे. मेहनतीनंतर काही पौष्टिक घेणे चांगले, हे पूर्वीपासून ठाऊक होते. अर्ध्या तासाची भीती मात्र त्यात नव्हती. कच्च्या दुधातून रोग पसरू शकतात, म्हणून दूध तापवूनच घ्यावे.

५. किती घ्यावीत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण दिले आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला हे सुमारे ५० ग्रॅम होते. नियमित जोराचा व्यायाम करणाऱ्यास अधिक लागतात. २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाच्या व्यायामाबरोबर दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढविल्याचा उपयोग होतो, त्यापुढे सरासरीने विशेष लाभ नाही, असे त्यातून दिसले. म्हणजे साठ किलोच्या तरुणाने रोज ७० ते ९५ ग्रॅमच्या दरम्यान राहावे. ही प्रथिने तीन-चार वेळा विभागून, प्रत्येक वेळी साधारण १५ ते २५ ग्रॅम अशी घ्यावीत.

जास्त घेतली की जास्त ताकद, असे नाही. गरजेपेक्षा अधिक झालेल्या प्रथिनांचा उपयोग शरीर इंधनासारखा करते किंवा त्यांची चरबी होते आणि त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर जातो. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. अति भोजनाने धापा टाकीत आलेल्या राजाला भगवंतांनी भोजनात मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने तो रोज जेवताना आठवावा म्हणून सुदस्सन नावाच्या तरुणाकडून म्हणवून घेतला, आणि क्रमाक्रमाने त्याचा आहार व शरीर दोन्ही हलके झाले. उपाशी राहणे चूक आणि कोंबून खाणेही चूक, हे व्यायाम करणाऱ्यालाही लागू आहे.

६. आपल्या स्वयंपाकघरातील प्रथिने

पुढील आकडे कच्च्या किंवा कोरड्या वजनाचे असून स्थूलमानाने दिले आहेत.

१०० ग्रॅम सोयाबीन : ३६ ते ४० ग्रॅम
१०० ग्रॅम सोयावडी : सुमारे ५० ग्रॅम
१०० ग्रॅम शेंगदाणे : २४ ते २५ ग्रॅम
१०० ग्रॅम तूरडाळ, हरभराडाळ किंवा मूगडाळ : २१ ते २४ ग्रॅम
१०० ग्रॅम फुटाणे : २० ते २२ ग्रॅम
१०० ग्रॅम ज्वारी किंवा गहू : १० ते १२ ग्रॅम
एक अंडे : सुमारे ६ ग्रॅम
एक पेला (२०० मि.लि.) दूध : ६ ते ७ ग्रॅम
१०० ग्रॅम कोंबडीचे मांस : २० ते २२ ग्रॅम

यादीतील पहिली ओळ पुन्हा वाचावी. सोयाबीन आणि तूर ही आपल्या जिल्ह्यातील खरिपाची मुख्य पिके. आपण सोयाबीन पोत्यात भरतो, बाजार समितीत नेतो, तेथून ते तेलाच्या कारखान्यात जाते. तेल निघाल्यावर उरणाऱ्या ढेपेतच बहुतेक प्रथिने राहतात, आणि ती मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्याला जाते. काही डब्यांतील पावडर तर सोयाबीनच्याच प्रथिनांची असते. आपल्या वावरात पिकलेली वस्तू आपल्याच मुलाने उसनवारी करून डब्यातून विकत घ्यावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

सोयाबीन कच्चे मात्र कधीही खाऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते. ते उष्णतेने नष्ट होते. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, उन्हात खडखडीत वाळवावे आणि मग नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळून आणावे. अशा एक किलो पिठात नुसत्या गव्हापेक्षा सुमारे २५ ते ३० ग्रॅम प्रथिने जास्त मिळतात.

साठ किलो वजनाच्या, मांसाहार न करणाऱ्या विद्यार्थ्याचा एक दिवस असा होऊ शकेल :

धावून आल्यावर सकाळी : ५० ग्रॅम मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ (वजन कोरड्या धान्याचे), एक भाकर, एक पेला दूध. सुमारे २३ ग्रॅम.
दुपारी : दोन भाकरी, ५० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, वाटीभर दही, भाजी. सुमारे २६ ग्रॅम.
संध्याकाळी : ५० ग्रॅम फुटाणे व ३० ग्रॅम शेंगदाणे. सुमारे १७ ग्रॅम.
रात्री : दोन भाकरी किंवा पोळ्या, ३० ग्रॅम सोयावडीची भाजी. सुमारे २७ ग्रॅम.

एकूण ९३ ग्रॅम झाली, आणि यात डब्यातील पावडर कोठेही नाही. अंडी खाणाऱ्यांनी सकाळच्या उसळीऐवजी दोन उकडलेली अंडी घ्यावीत. आपल्याकडे दोष येतो तो वरणाच्या पातळपणात. पाण्यात डाळ शोधावी लागत असेल तर वाटी भरूनही प्रथिने मिळत नाहीत. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी मेसमध्ये प्रथम घट्ट वरणाचा आग्रह धरावा.

७. डबा विकत घ्यावा काय?

प्रोटीन पावडर हे विष नाही आणि जादूही नाही. बाजारातील बरीचशी पावडर दुधापासून चीज करताना निघणाऱ्या पाण्यातील प्रथिनांची असते. पनीर करताना उरलेले पाणी पोळ्यांच्या कणकेत घालणारी गृहिणी त्याच पदार्थाचा उपयोग करीत असते. तीस ग्रॅमच्या एका मापातून साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्याला सकाळी जेवणाची सोय नाही, ज्याची भूक कमी आहे आणि ज्याला खर्च परवडतो, त्याने सोयीसाठी ती घेण्यास हरकत नाही. पण कर्ज काढून किंवा घरातील दूध-डाळ कमी करून घेऊ नये.

घ्यायचीच असेल तर डब्यावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, मुदत आणि प्रत्येक मापातील प्रथिनांचे प्रमाण पाहावे. सुटी किंवा बिननावाची पावडर घेऊ नये. अशा मालात भेसळ, क्वचित उत्तेजक द्रव्येही असू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पावडर घेऊ नये वा प्रथिने वाढवू नयेत. शाळकरी मुलांना तिची गरज नाही.

८. उपोसथाच्या दिवशी काय करावे?

पौर्णिमेला किंवा वर्षावासात अष्टशील पाळणारे काही तरुण विचारतात की, मध्यान्हानंतर भोजन नाही, मग व्यायामाचे काय? त्या दिवशी व्यायाम सकाळीच आटोपावा. सकाळची न्याहारी आणि मध्यान्हापूर्वीचे भोजन या दोन्हींत डाळ, उसळ, दूध यांचे प्रमाण वाढवावे. संध्याकाळी जोराची मेहनत करू नये. भरपूर पाणी प्यावे. एका दिवसाने स्नायू घटत नाहीत. पावडर मात्र संध्याकाळी औषध म्हणून घेऊ नये. ते औषध नव्हे, अन्नच आहे.

९. विद्यार्थ्यांचे काही प्रश्न

प्रश्न : प्रथिने वाढविली की १६०० मीटरची वेळ कमी होईल काय?
उत्तर : थेट होणार नाही. वेळ सरावाने कमी होते. धावण्याचे इंधन भाकर, पोळी, भात, केळी यांतून मिळते. प्रथिने स्नायूंची दुरुस्ती करतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा सराव नीट होतो. गोळाफेकीला लागणारी ताकद वाढविण्यास वजनाचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने या दोन्हींची गरज आहे.

प्रश्न : मैदानी चाचणीच्या दिवशी काय खावे?
उत्तर : रोजच्या सवयीचेच. दोन-तीन तास आधी हलके खावे : पोळी, केळे, थोडे दूध सोसत असेल तर दूध. त्या दिवशी नवीन पावडर, जास्त डाळ किंवा तेलकट पदार्थ घेऊ नयेत. पोट बिघडण्याचा धोका असतो.

प्रश्न : मुलींनी प्रथिने वाढविली तर शरीर बेढब होईल काय?
उत्तर : नाही. मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांसाठी तीच काळजी घ्यावी लागते. उलट अनेक घरांत मुली शेवटी जेवतात आणि वरण-अंडी मुलांच्या ताटात संपतात. तेथे दुरुस्ती हवी.

प्रश्न : रात्री झोपण्यापूर्वी दूध घ्यावे काय?
उत्तर : मिळत असेल तर जरूर घ्यावे. रात्रीच्या लांब उपवासापूर्वी घेतलेली प्रथिने झोपेतही वापरली जातात. पण सात-आठ तासांची झोप हीच पहिली गरज आहे.

शेवटी एवढेच लक्षात ठेवावे. आधी सराव, मग दिवसभराची पुरेशी प्रथिने, मग ती तीन-चार वेळा विभागून घेणे, आणि सर्वांत शेवटी घड्याळ. हा क्रम उलटा करणाऱ्याचा पैसा जातो आणि उत्साहही जातो.

वर सांगितलेला तो विद्यार्थी आता पुन्हा पहाटे धावू लागला आहे. त्याच्या खिशात फुटाण्यांची पुडी असते आणि घरी आई वरण घट्ट करते. भरतीत काय होईल ते त्याच्या सरावावर ठरेल. डब्याअभावी मात्र तो आता थांबणार नाही.